‘ए’ एकच, स्पेलिंगं चार

(पांढरा बोर्ड, क्लोज-अप. मार्करची करकर.)

हा पुण्यातला एक फ्रेंचचा क्लास, संध्याकाळची बॅच, आणि मॅडम बोर्डवर काय लिहितायत ते नीट बघा. ए आय ई. त्याखाली ए आय ई एस. मग ए आय टी. आणि तळाला ए आय ई एन टी. चार स्पेलिंगं, आणि वाचायचं चारही वेळा फक्त ‘ए’. मागून कोणीतरी फिस्कन हसलंय ना, ते एडिटमध्ये मुद्दाम ठेवलंय.

फ्रेंचमधलं हे आव्हुआर, म्हणजे ‘जवळ असणं’, हे क्रियापद, सुब्जाँक्तिफच्या रूपात, म्हणजे शंका किंवा मनातली भावना सांगताना क्रियापद जे रूप घेतं त्यात. याच्यापुढे मुख्य क्रियापदाचं ‘केलेलं-बोललेलं’ टाइप रूप ठेवलं की तयार झाला सुब्जाँक्तिफ पासे, म्हणजे त्याचा भूतकाळ. जाणं, येणं, निघणं, जन्मणं, मरणं असली काही क्रियापदं असली तर आव्हुआरच्या जागी एत्र, म्हणजे ‘असणं’, येतं, मग ‘ए’ऐवजी ‘स्वा’, आणि त्याचीही स्पेलिंगं तीन. एवढंच आहे खरं तर. तरी पोरं इथेच अडकतात, आणि सगळ्यात जास्त ‘ए आय टी’वर, कारण बाकी क्रियापदांना त्या जागी शेवटी ई असतो, टी फक्त या दोघांनाच, आव्हुआर आणि एत्र.

(वही. लाल पेनाचे गोल.)

आता हे पान बघा. एत्र घेतलं की पुढचं रूप कर्त्याप्रमाणे बदलतं, बाई असेल तर शेवटी एक जास्तीचा ई. पाच वाक्यांत पाच वेळा ई राहिलाय. का राहतो? कारण आपल्याकडे फ्रेंच शिकवतात इंग्रजीतून. ही हॅज कम, शी हॅज कम, कम जसंच्या तसं. इंग्रजीच्या डोक्याने गेलात तर तो ई कशाला हवा हेच कळत नाही.

(फोन वाजतो. कॅमेरा हलतो.)

हे प्लॅन केलेलं नव्हतं. शूटिंग चालू असताना या मुलीचा फोन वाजला, बाहेर जायचं सोडून तिने तिथेच दबक्या आवाजात घेतला. ‘हो गं आई, ताई निघाली असावी.’ मॅडम थांबल्या. ओरडतील असं वाटलं आम्हाला, पण त्यांनी ते वाक्य तसंच्या तसं बोर्डवर लिहिलं. ताई निघाली असावी. आणि खाली फ्रेंच. इल स प केल स्वा पार्ती. पार्ती लिहिताना शेवटी आय ई.

‘असावी’खाली एक रेघ, ‘स्वा’खाली एक रेघ. ‘निघाली’मधल्या दीर्घ ईला गोल, ‘पार्ती’च्या शेवटच्या ईला गोल. दादा असता तर? निघाला असावा. एका सेकंदात अख्खा वर्ग बोलला. फ्रेंचमध्ये पार्तीच्या शेवटचा ई गेला, उच्चार तोच.

या वर्गात तेरा वेळा इंग्रजीतून सांगून जे झालं नव्हतं ते दोन मिनिटांत झालं, आणि हे मी वाढवून सांगत नाहीये, टेपवर टाइम आहे.

अर्थात सगळं जुळत नाही. आपल्या ‘असावी’त अंदाज आहे. फ्रेंचमध्ये समजा दादा आलाय, समोर बसलाय, चहा पितोय, तरीही ‘तो आला म्हणून मला आनंद झाला’ म्हणताना सुब्जाँक्तिफच लागतो, कारण तिथे प्रश्न खरं-खोटं याचा नसून मनात काय वाटतं याचा असतो. आणि ‘मला आशा आहे की’ म्हटलं की सुब्जाँक्तिफ नाही! का, ते विचारू नका.

(पॅरिस. सीन नदी, घुमट, काठावरच्या पुस्तकांच्या हिरव्या पेट्या.)

हा शॉट एका मित्राने पाठवला, भारी आलाय म्हणून घेतला. घुमटाखाली फ्रेंच अकादमी, फ्रेंच भाषेची राखण करणारी संस्था, 1635 सालची. समोरच्या हिरव्या पेट्यांतली जुनी कादंबरी उघडली की यू-वर टोपी घातलेली रूपं दिसतात, ती सुब्जाँक्तिफची दुसरी, जुनी भावंडं, आता बोलण्यात कोणी वापरत नाही. 1901 च्या सरकारी आदेशाने त्यातल्या काही ठिकाणी साधं रूप चालवून घेतलं, 1976 मध्ये परत तसाच आदेश निघाला. पासे मात्र टिकला. आजही फ्रान्समधली आजी नातवाला रागावताना सहज वापरते.

(पुन्हा बोर्ड.)

शेवटचं वाक्य मॅडमनी स्वतःहून दिलं. ‘त्याने लिहिलेली सगळ्यात सुंदर चिठ्ठी.’ लिहिणारा पुरुष, पण ‘लिहिलेली’ कोणाच्या मागे गेलं? चिठ्ठीच्या. फ्रेंचमध्येही आव्हुआर असताना कर्म आधी आलं की अगदी तसंच, लेत्र स्त्रीलिंगी, म्हणून ला प्ल्यु बेल लेत्र किल ए एक्रीत. एक्री नाही, एक्रीत. इथे तो ई ऐकू पण येतो, त्याच्यामुळे आधीचा त जागा होतो.

फ्रेंचच्या बी टू पातळीच्या परीक्षेच्या लेखी पेपरात हे चुकलं की मार्क जातात, बॅचमधल्या काहींचे गेलेही.

(ती मुलगी. वही. आवाज बंद.)

ती अजून लिहितेय. लिहिलेली, एक्रीत. लिहिलेला, एक्री. लिहिलेली, एक्रीत.