छातीवरचा कॅमेरा आणि पहिले पंचेचाळीस शब्द

पोलिसांच्या बॉडी कॅमेऱ्याचा विषय निघाला की दोन मतं हटकून पुढे येतात. एक म्हणतं, लावा कॅमेरा, मारझोड आपोआप थांबेल. दुसरं म्हणतं, सगळी धूळफेक आहे, हवा तेव्हा चालू आणि नको तेव्हा बंद. गंमत अशी की दोन्ही मतांच्या मागे आकडे आहेत, आणि तेही प्रयोगातून आलेले.

पहिल्या मताचा आधार रिआल्टो. कॅलिफोर्नियातलं हे लहानसं शहर. तिथले पोलीसप्रमुख टोनी फरार यांनी २०१२ च्या फेब्रुवारीत वर्षभराचा प्रयोग सुरू केला. गस्तीवरचे ५४ अधिकारी घेतले, आणि कुठल्या पाळीला कॅमेरा लावायचा, कुठल्या पाळीला नाही, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं नशिबावर सोडलं. वर्षाच्या ९८८ पाळ्या झाल्या. आदल्या वर्षी ६१ वेळा बळाचा वापर झाला होता, तो २५ वर आला. त्या २५ पैकी १७ प्रसंग बिनकॅमेऱ्याच्या पाळीतले, ८ कॅमेऱ्याच्या. नागरिकांच्या तक्रारी ८८ टक्क्यांनी घटल्या. हा आकडा मग जगभर फिरला. पण खातं एवढंसं, आणि तोच अधिकारी आज कॅमेरा लावणार, उद्या नाही. कॅमेऱ्याचं वळण बिनकॅमेऱ्याच्या दिवशीही अंगात राहणारच. हे बारकावे आकड्याबरोबर फिरले नाहीत.

पुढे २०१४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्याच फर्ग्युसन शहरात मायकल ब्राऊन या तरुणाला पोलिसाने गोळी घातली. तिथे कॅमेरा नव्हता, प्रत्येक साक्षीदाराची हकीकत वेगळी, आणि शहर पेटलं. त्यानंतर अमेरिकेत कॅमेऱ्यांसाठी केंद्राच्या निधीची थैली सुटली. साहजिकच होतं ते. लोकांना पुरावा हवा होता आणि कॅमेरा विकत मिळत होता.

मग आलं वॉशिंग्टन. राजधानीच्या पोलीस खात्याने २,२०० हून जास्त अधिकाऱ्यांवर हाच प्रयोग केला. काहींना कॅमेरा, काहींना नाही, निवड पुन्हा नशिबावर. निष्कर्ष २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर झाला: बळाच्या वापरात फरक नाही, तक्रारींतही दखल घ्यावी असा फरक नाही. दुसऱ्या मताला आधार मिळाला तो इथे.

आता या दोन्हींची सांगड कशी घालायची? मला स्वतःला सगळ्यात बोलका वाटतो तो केंब्रिजच्या बराक एरियल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मांडलेला अभ्यास. वेगवेगळ्या ठिकाणचे दहा प्रयोग त्यांनी एकत्र पाहिले. सगळ्यांची सरासरी काढली तर हाती काही लागत नाही. पण जिथे अधिकाऱ्यांनी नियम पाळला, म्हणजे भेट सुरू होताच कॅमेरा चालू केला आणि समोरच्याला तसं सांगितलं, तिथे बळाचा वापर ३७ टक्क्यांनी घटला. जिथे चालू-बंद स्वतःच्या मर्जीवर ठेवलं, तिथे तो ७१ टक्क्यांनी वाढला. कारण उघड आहे. मर्जीवर ठेवलं की कॅमेरा चालू होतो तो वादाला तोंड फुटल्यावर. समोरच्याचा पारा चढलेला असतो आणि तेवढ्यात छातीवर लाल दिवा लागतो. शांत करणाऱ्या गोष्टीनेच ठिणगी पडते.

या बटणाची एक खुबी सांगतो. बऱ्याच कॅमेऱ्यांत मागच्या तीस सेकंदांचं चित्र सतत साठत असतं, आवाजाशिवाय. बटण दाबलं की ते तीस सेकंद चित्रणाच्या आधी जोडले जातात. २०१७ च्या जानेवारीत बाल्टिमोरमधल्या एका अधिकाऱ्याने एका अंगणात कचऱ्यातल्या रिकाम्या डब्यात अमली पदार्थाची पिशवी ठेवली, रस्त्यावर आला, बटण दाबलं, आणि पुन्हा अंगणात जाऊन ती पिशवी ‘शोधून काढली’. पिशवी ठेवतानाचा त्याचा हात त्या मुक्या तीस सेकंदांत आलेला होता. २०१८ मध्ये खोटा पुरावा रचल्याबद्दल तो दोषी ठरला. कुंपणच शेत खातं हे आपण ऐकून आहोत; इथे कुंपणाने स्वतःचाच फोटो काढून ठेवला होता.

आता ‘कॅमेरा खोटं बोलत नाही’ या समजाविषयी. छातीवरच्या कॅमेऱ्यात सगळं दिसतं, फक्त तो लावणारा माणूस दिसत नाही. त्याचा चेहरा, त्याची मूठ, तो किती पुढे सरसावला, यातलं काहीच नाही. झटापट सुरू झाली की पडद्यावर कुणाच्या तरी जाकिटाचं कापड, आभाळाचा तुकडा आणि धापा. २०१९ च्या एका अभ्यासात काही जणांना एखादा प्रसंग छातीवरच्या कॅमेऱ्यातून दाखवला, काहींना गाडीतल्या कॅमेऱ्यातून. छातीवरचं चित्रण पाहणाऱ्यांना पोलिसाने ते हेतुपुरस्सर केलं असं कमी वाटलं. आपण त्याच्याच डोळ्यांनी पाहत असतो ना! मेम्फिसमध्ये २०२३ च्या जानेवारीत टायर निकोल्स या तरुणाला अधिकाऱ्यांनी बेदम मारलं आणि तीन दिवसांनी तो गेला. अंगावरच्या कॅमेऱ्यांत ऐकू येतात ते ‘हात पुढे कर’ असे ओरडून दिलेले हुकूम. हात पोलिसांनीच धरून ठेवलेले, हे नीट दिसलं ते खांबावरच्या कॅमेऱ्यात. हुकूम देणाऱ्यांना अंगावरच्या कॅमेऱ्याचं भान नव्हतं असं म्हणवत नाही.

मिनियापोलिसमध्ये २०२० साली जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला, तेव्हा तर तिथल्या चारही अधिकाऱ्यांच्या अंगावर कॅमेरे होते. तरी पोलिसांच्या पहिल्या निवेदनात त्याची तब्येत बिघडल्यासारखी भाषा होती. खरं काय घडलं ते जगाला कळलं फुटपाथवर उभ्या असलेल्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मोबाइलमुळे. कॅमेऱ्यांतलं चित्रण खटल्यात उपयोगी पडलं, पण त्या रात्री ते खात्याच्या ताब्यात होतं. ताबा कुणाकडे, हा मुद्दा म्हणूनच बटणाइतका मोठा आहे. कॅलिफोर्नियात २०१९ पासून गोळीबारासारख्या गंभीर घटनेचं चित्रण साधारणपणे ४५ दिवसांत खुलं करावं लागतं. नॉर्थ कॅरोलायनाच्या २०१६ च्या कायद्यात ते लोकांपुढे यायला न्यायालयाचा आदेश लागतो. यंत्र तेच, पण एकीकडे ते जनतेचा साक्षीदार आणि दुसरीकडे खात्याचा. अर्थात सगळंच खुलं करा असंही मी म्हणणार नाही. घरात मार खाल्लेल्या बाईच्या दारात पोलीस उभा असतो तेव्हा कॅमेरा तिचंही चित्रण करत असतो.

आतापर्यंत बोललो ते गाजलेल्या प्रसंगांबद्दल. पण पोलीस आणि लोक यांच्या बहुतेक भेटी अगदी साध्या असतात. गाडी अडवली, कागद पाहिले, सोडलं. हे चित्रण कुणी उघडूनही बघत नाही. तक्रार नाही, मग बघायचं कशाला? माझ्या मते खरा ऐवज इथेच आहे.

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहराच्या पोलिसांच्या एप्रिल २०१४ मधल्या ९८१ भेटी घेतल्या, १८३ तासांचं चित्रण. गाड्या अडवल्यावर अधिकारी काय बोलले ते शब्दन्‌शब्द उतरवून घेतलं आणि त्यात आदर किती हे तपासलं. गोऱ्या चालकांपेक्षा काळ्या चालकांशी बोलताना आदराचे शब्द कमी निघाले. गुन्हा किती गंभीर, अधिकारी कुठल्या वंशाचा, हे धरूनही फरक उरलाच. यात कुणी शिवी दिली नव्हती. ‘सर’ म्हणणं, ‘माफ करा’ म्हणणं, कारण सांगणं, एवढ्याचाच हिशोब.

२०२३ मध्ये याच धाटणीचा आणखी एक अभ्यास आला, काळ्या चालकांना अडवल्याच्या भेटींचा. संशोधकांनी अधिकाऱ्याच्या तोंडचे फक्त पहिले ४५ शब्द घेतले, साधारण २७ सेकंद. ज्या भेटी पुढे झडती, बेड्या किंवा अटकेपर्यंत गेल्या, त्यांची सुरुवात हुकमाने होण्याचं प्रमाण जवळपास तिप्पट होतं, आणि का अडवलं हे सांगण्याचं प्रमाण बरंच कमी. ‘गाडी बंद कर, हात वर’ आणि ‘तुमचा मागचा दिवा गेलाय म्हणून थांबवलं’, एवढाच फरक. जॉर्ज फ्लॉइडच्या भेटीची पहिली २७ सेकंदं त्यांनी तपासली, तर त्यातही हुकूम होते, कारण नव्हतं. तो माफी मागत होता.

ओकलंडमध्ये गाडी अडवल्यावर कसं बोलावं याच्या प्रशिक्षणाआधीचं आणि नंतरचं चित्रणही तपासलं गेलं. प्रशिक्षणानंतर कारण सांगणं, धीर देणं वाढलेलं आढळलं. म्हणजे कॅमेऱ्याचा उपयोग पकडण्यापुरता नाही, शिकवण्यालाही होतो. पण त्यासाठी कुणीतरी ते रोजचं, कंटाळवाणं चित्रण बघायला हवं. माणसाच्याने ते होणं नाही. यंत्राने संभाषण उतरवून तपासायची सोय आता आहे. सिएटलच्या पोलीस खात्याने ती वापरायला घेतली होती, पण पोलीस संघटनेने हरकत घेतली आणि काम थांबलं.

ती हरकत मला उडवून लावावीशी वाटत नाही. दिवसभराचा प्रत्येक शब्द वरिष्ठ ऐकणार असतील तर कुणीही अवघडेल, आणि अवघडलेला पोलीस लोकांशी मोकळं बोलत नाही. म्हणून माझं म्हणणं असं की तक्रार नसलेल्या भेटींच्या तपासणीत अधिकाऱ्याचं नाव येऊ नये. पाळी आणि विभाग धरून निष्कर्ष काढावेत, ते शिस्तभंगाच्या फायलीत जाऊ नयेत, पण दर वर्षी जाहीर मात्र व्हावेत: किती भेटींत आधी कारण सांगितलं आणि किती भेटींत आधी हुकूम दिला.