युरोपात फरसाण विकायचं असेल तर

(पुण्यात लहान फरसाण उत्पादकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. फ्रँकफुर्टच्या किंवा अॅमस्टरडॅमच्या भारतीय किराणा दुकानात चिवड्याचं पाकीट उलटं करून पाहिलंत, तर मागे बऱ्याचदा एक पांढरं स्टिकर दिसतं. आपलं छापील लेबल झाकून त्यावर जर्मन किंवा डच भाषेत घटकांची यादी चिकटवलेली असते. त्यामुळे आपल्याकडे अनेकांचा समज झालाय की युरोपची अट म्हणजे स्टिकरचं काम, ते तिकडचा आयातदार बघून घेईल. हा समज डोक्यातून काढून टाका. त्या स्टिकरवरची प्रत्येक ओळ तुमच्या मसाल्याच्या खरेदीत आणि कढईपाशी ठरते. आयातदार ती फक्त छापतो.

हिंगाचंच बघा. आपण वापरतो तो कंपाउंडेड हिंग. त्यात खरा हिंग थोडाच. बाकी डिंक आणि पीठ, पुष्कळदा गव्हाचंच. म्हणजे नुसत्या बेसनाची म्हणून तुम्ही विकता त्या शेवेत गहू आला. युरोपियन संघाचा 1169/2011 हा नियम 14 अॅलर्जीकारक घटकांची नावं देतो, आणि ते घटकांच्या यादीत ठळक दिसलेच पाहिजेत असं सांगतो. गहू, शेंगदाणे, तीळ, मोहरी, काजूबदाम, सोया, दूध हे सगळे त्यात आहेत. आपल्या मिश्र चिवड्यात चारपाच सहज निघतात. मसाल्यांचं एकूण प्रमाण वजनाच्या 2 टक्क्यांपर्यंत असेल तर नुसतं ‘मसाले’ असं लिहायची सवलत आहे. पण फोडणीतली मोहरी त्या शब्दाआड लपवता येत नाही. ‘ग्लुटेन फ्री’ लिहायचं तर ग्लुटेन, म्हणजे गव्हासारख्या धान्यातलं प्रथिन, किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर नको, आणि ते प्रयोगशाळेत मोजलेलं हवं. शेंगदाण्याची तीव्र अॅलर्जी असलेल्या मुलाची आई दुकानात उभी राहून ती यादी वाचते आणि तुमच्यावर विश्वास ठेवून पाकीट घेते. तुमच्या मसालेवाल्याने तुम्हाला घटक सांगितले नसतील, तर तुम्ही त्या बाईला काय सांगणार? प्रत्येक पुरवठादाराकडून लेखी घटकपत्र घ्या. देत नसेल तर पुरवठादार बदला.

आता तीळ. सप्टेंबर 2020 मध्ये बेल्जियमने भारतातून गेलेल्या तिळात इथिलीन ऑक्साइड सापडल्याचं कळवलं. साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू मारण्यासाठी आपल्याकडे मसाल्यांना आणि तिळाला या वायूची धुरी देतात. युरोपात खाद्यपदार्थांसाठी तो वायू कितीतरी वर्षांपासून बंद आहे. तिळासाठी अवशेषांची मर्यादा किलोमागे 0.05 मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ शून्यच. मग काय झालं? ते तीळ ज्या पावांत, बिस्किटांत, क्रॅकर्समध्ये गेले होते, ते सगळे पदार्थ देशोदेशीच्या दुकानांतून परत घ्यावे लागले. ऑक्टोबर 2020 पासून भारतीय तिळाच्या निम्म्या खेपा सीमेवर तपासल्या जाऊ लागल्या. जादा तपासणीच्या त्या यादीत भारताचे शेंगदाणेही आले आहेत, अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषासाठी, आणि कढीपत्ताही, कीटकनाशकांसाठी. यादीचा फेरविचार सहा महिन्यांच्या आत होतो, त्यामुळे गेल्या वर्षीची माहिती घेऊन बसू नका. वायूऐवजी वाफेने निर्जंतुक केलेले तीळ मिळतात. महाग पडतात, तरी तेच घ्या. आणि कोणत्या पोत्यातले तीळ कोणत्या दिवशीच्या घाण्यात गेले, याची वही ठेवा. ती वही असेल तर तक्रार आल्यावर एका बॅचचा माल परत बोलवावा लागेल. नसेल तर सगळा.

बटाट्याच्या चिवड्याबद्दल आणि वेफर्सबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण इथे गोष्ट शेतापर्यंत जाते. स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी 2002 मध्ये दाखवून दिलं की पिष्टमय पदार्थ तळताना आणि भाजताना अॅक्रिलामाइड हे रसायन तयार होतं. बटाट्यातलं अॅस्परॅजिन हे अमिनो आम्ल आणि साधी साखर 120 अंशांच्या वर एकत्र आली की ते होतं. कर्करोगाशी त्याचा संबंध असण्याची शंका आहे. युरोपने वेफर्ससाठी किलोमागे 750 मायक्रोग्रॅम ही संदर्भपातळी ठरवली. ती ओलांडली की लगेच माल जप्त होतो असं नाही. पण उत्पादकाने आपली पद्धत तपासून सुधारायची असते. आपली अडचण अशी की बटाटा फार थंड ठेवला तर त्यात साखर वाढते, आणि तळल्यावर तो लाल होतो. उबदार ठेवला तर मोड येतात. मोड येऊ नयेत म्हणून वेफर्सच्या बटाट्याला आपल्या शीतगृहांत क्लोरप्रोफामची धुरी देतात, आणि युरोपने 2019 मध्ये त्या रसायनाची मंजुरीच संपवली. म्हणून बटाटा कुठून आला, किती अंशांवर ठेवला, त्यावर काय मारलं, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. कारखान्यात बटाट्याची किसलेली सळी गरम पाण्यातून काढा, तेलाचं तापमान थर्मामीटरने मोजा, आणि सोनेरी रंग आला की झाऱ्याने उपसा. आपल्या गिऱ्हाइकाला खरपूस आवडतं हे मलाही ठाऊक आहे. निर्यातीचा घाणा वेगळा काढा.

पाकिटावरच्या दाव्यांमध्येही पुष्कळजण अडकतात. ‘कोलेस्टेरॉल फ्री’ आणि ‘झिरो ट्रान्स फॅट’ हे आपले आवडते शब्द तिकडच्या परवानगीच्या यादीत नाहीत. ट्रान्स फॅट मात्र 100 ग्रॅम चरबीत 2 ग्रॅमच्या आत हवंच. बेसन आहे म्हणून ‘प्रथिनांचा स्रोत’ छापावंसं वाटतं, तर आधी हिशेब करा. 100 ग्रॅम शेवेत 550 किलोकॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं धरली, तर प्रथिनांतून येतात 48 किलोकॅलरी, म्हणजे 9 टक्क्यांच्या आत. नियम निदान 12 टक्के मागतो. तेलानेच तो दावा खाल्ला. तिथे सोडियमऐवजी मीठ लिहितात, म्हणून सोडियमला अडीचने गुणा: 800 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 2 ग्रॅम मीठ. असा आकडा छापायची लाज वाटत असेल तर मीठ कमी करा.

वेष्टणाचे नियम देशागणिक बदलतात. जर्मनीत वेष्टणासाठी ल्युसिड नावाच्या नोंदवहीत नाव असल्याशिवाय विक्री सुरूच करता येत नाही. ते आयातदाराशी बोलून ठरवा. युरोपात तुमची कंपनी नसेल आणि माल तुमच्या नावाने जात असेल, तर लेबलच्या माहितीची कायदेशीर जबाबदारी आयातदारावर येते. म्हणून तो इतके कागद मागतो. त्याला शत्रू समजू नका.

आणि पहिल्या खेपेला पंधरावीस प्रकार भरू नका. प्रत्येक प्रकाराला स्वतंत्र लेबल, स्वतंत्र चाचण्या लागतात, आणि तो खर्च छोट्या कारखान्याला पेलत नाही. तळलेल्या मूगडाळीपासून सुरुवात करा: डाळ, तेल, मीठ, एवढेच घटक. जोडीला गव्हाचं पीठ नसलेला हिंग वापरून साधी शेव. या दोन्हींसाठी कढई आणि तेल बाकीच्या मालापासून वेगळं ठेवा. या दोन पदार्थांचे कागद नीट बसले, आयातदाराने दुसरी ऑर्डर दिली, की मग शेंगदाण्याचा चिवडा आणि तिळाची भाकरवडी. बटाट्याचा चिवडा सगळ्यात शेवटी, शीतगृहवाल्याशी लेखी करार झाल्यावरच.