कोरस: आधी पाय, मग गळा

कोरस म्हटलं की आज आपल्याला एका सुरात गाणारा घोळका आठवतो. पण ज्या ग्रीक शब्दापासून तो आला, त्या ‘खोरोस’मध्ये नाच आणि गाणं वेगळं नव्हतंच. नाचत गाणारा समूह म्हणजे खोरोस.

हे अथेन्समधलं दिओनिसस देवाचं नाट्यगृह. प्रेक्षक टेकडीच्या उतारावर बसत, आणि खालच्या या मोकळ्या जागेत कोरस नाचत, गात असे. या जागेचं नाव ‘ऑर्केस्ट्रा’, म्हणजे नाचायची जागा! वादकांचा ताफा हा अर्थ फार पुढचा. सोफोक्लीसच्या शोकांतिकांमध्ये कोरसचे १५ जण असत. कधी ते गावचे वृद्ध होत, कधी बायका. राजाला सबुरीचा सल्ला देत, देवाला साकडं घालत.

जवळच प्लाका भागात हे गोल स्मारक उभं आहे. इसवी सनापूर्वी ३३४च्या सुमाराचं. वरच्या पट्टीवरची अक्षरं बघा. लिसिक्रातीस या धनिकानं मुलांच्या कोरसचा खर्च उचलला आणि त्या कोरसनं स्पर्धा जिंकली. साथीला वाद्य वाजवणाऱ्या थेओनचं नाव इथे आहे, तालीम देणाऱ्या लिसियादीसचंही आहे. गाणाऱ्या मुलांपैकी एकाचंही नाही. अशा कोरसमध्ये ५० जण नाचत-गात. त्यांची नावं कुणीतरी कोरायला हवी होती, असं इथे उभं राहिलं की फार वाटतं.

ग्रीकमधून हा शब्द लॅटिनमध्ये गेला. चर्चमध्ये त्याच शब्दाचा पुढे ‘क्वायर’ झाला: गाणारेही क्वायर, आणि वेदीजवळची त्यांची जागाही क्वायर. नाच मागे पडला.

इंग्रजीत ‘कोरस’ सोळाव्या शतकात रुळला. शेक्सपिअरच्या ‘हेन्री द फिफ्थ’मध्ये तर कोरस म्हणजे एकटा नट, आपल्या सूत्रधारासारखा. मग सगळ्यांनी मिळून म्हणायच्या ओळीलाच कोरस म्हणू लागले. आपण तिला ध्रुपद म्हणतो.

पाय आणि गळा एकत्र बघायचे असतील, तर आषाढी वारीची ही दिंडी पाहा. टाळकरी पावली खेळतायत, आणि पाऊल न चुकवता अभंगाचं ध्रुपद उचलून धरतायत.