गुडघ्याच्या चार बोटं वर

[दृश्य: आषाढातला पाऊस. जांभ्याच्या पायऱ्या, त्यांवर हिरवं शेवाळ.]

तरुणाचं मांडीचं हाड गुडघ्याच्या वर मोडतं ते माडावरून पडून, नाहीतर महामार्गावर दुचाकी आदळून. हाडाचे तुकडे उडालेले असतात. सत्तरीच्या आजीला मात्र खळ्यातून पडवीत चढताना सटकलेला एक पाय पुरतो. हाड आधीच ठिसूळ झालेलं असतं.

पोटरीचा स्नायू खालच्या तुकड्याला मागे ओढतो, आणि त्याच्या अगदी मागून पायाला रक्त नेणारी मोठी रक्तवाहिनी जाते. म्हणून घरी पाय खेचू नका, तेल लावून चोळू तर मुळीच नका. आहे तसा, उशी आणि फळी लावून बांधा. पाऊल गार, फिकट पडलं तर साधारण सहा तासांत रक्तपुरवठा सुरू व्हावा लागतो. सावंतवाडीहून गोव्यातलं बांबोळीचं इस्पितळ, रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूर, हा प्रवास त्याच सहा तासांत धरायचा.

[दृश्य: एक्स-रे, मग सीटी स्कॅन.]

मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला दोन गोल उंचवटे असतात. कधी त्यांतल्या एकाचा फक्त मागचा भाग सुटतो. याला होफा फ्रॅक्चर म्हणतात. समोरून काढलेल्या एक्स-रेत पुढचा शाबूत भाग त्याला झाकतो. सांध्यापर्यंत चीर गेल्याची शंका असेल तर सीटी स्कॅन काढावाच. शस्त्रक्रियेच्या टेबलावर तो तुकडा अचानक समोर आला तर आखलेला सगळा बेत बदलावा लागतो.

[दृश्य: शस्त्रक्रियागृह. गुडघ्याखाली गुंडाळलेली चादर.]

कमरेतून भूल दिली जाते. चादरीमुळे गुडघा तीसेक अंशांत वाकतो, पोटरी सैलावते आणि मागे गेलेला तुकडा पुढे आणता येतो. पहिलं काम सांध्याच्या पृष्ठभागाचं: तुकडे तारांनी धरायचे, मग स्क्रूने आवळायचे. होफाचा स्क्रू बहुधा पुढून मागे जातो. सांध्यात दोन मिलिमीटरची पायरी राहिली तरी सांध्यातली गुळगुळीत कुर्चा झिजायला लागते.

मग मांडीच्या बाहेरच्या बाजूने, स्नायूखालून लॉकिंग प्लेट सरकवतात, म्हणजे जिच्या भोकांत स्क्रू आट्यांनी घट्ट बसतात अशी धातूची पट्टी. खाली ती जरा जास्त मागे बसली, तर स्क्रू आवळताना सांध्याकडचा तुकडा आत सरकतो.

[दृश्य: ताणलेली वायर, सी-आर्मचा, म्हणजे शस्त्रक्रियेत एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राचा, पडदा.]

ही साधी वायर पाहा. एक टोक खुब्याच्या गोळ्याच्या मध्यावर, दुसरं घोट्याच्या मध्यावर. गुडघ्याच्या मधोमध गेली तर पाय सरळ. बाहेरून गेली तर गुडघा आत झुकलाय, आणि ते आत्ताच दुरुस्त करायचं. हाड स्वतःभोवती किती वळलंय, हे मात्र वायरला कळत नाही. ते दुसऱ्या पायाशी ताडून पाहायचं.

आणखी एक फसगत. गुडघ्याजवळ हाडाच्या आतल्या बाजूचा उतार सुमारे पंचवीस अंशांचा असतो. समोरून हाडात दिसणारा स्क्रू आतल्या बाजूने बाहेर डोकावून नंतर टोचत राहतो. पाय तीस अंश आत वळवून पाहिलं की कळतं.

आता मोहाची जागा: प्लेटची सगळी भोकं स्क्रूने भरणं. तुकडे-तुकडे झालेल्या हाडावर ते करू नये. मोडलेल्या भागालगतची दोन-तीन भोकं रिकामी, वरची निम्मीच भरलेली. किंचित हालचाल राहिली तर नवं हाड धरतं. घट्ट जखडलेलं हाड तसंच राहतं.

[दृश्य: वॉर्ड. फिजिओथेरपिस्ट गुडघा वाकवताना.]

पुढच्या एक-दोन दिवसांत गुडघा वाकवायला सुरुवात. मांडी घालून बसणं, पडवी चढणं यासाठी हे दिवस वाया घालवू नयेत. तरुणाला सहा आठवडे बहुधा टेकण्यापुरताच भार देतात. आजीला सर्जन म्हणतील तितक्या लवकर वॉकरवर उभं करायचं. अंथरुणात राहिली तर रक्ताच्या गुठळ्या, न्यूमोनिया, पाठीच्या जखमा आहेतच.

प्लेट हाडाला फक्त वेळ मिळवून देते. हाड जुळलंच नाही, तर ती थकून रिकाम्या भोकापाशी तुटते. चौथ्या-पाचव्या महिन्यात चालताना मांडीत पुन्हा दुखू लागलं, तर थंडीवर न ढकलता एक्स-रे काढून घ्या.