कापलेल्या पट्टीवरचं नाव

(दृश्य: फ्रिजवरचा बिस्किटांचा जुना डबा उघडतो.)

घरातला औषधांचा डबा. बामची बाटली, थर्मामीटर, बीपीच्या गोळ्या, आणि हा चार गोळ्यांचा तुकडा. मेडिकलवाल्याने दहाच्या पट्टीतून कात्रीने कापून दिलेला. मागच्या चंदेरी बाजूवर अक्षरं आहेत, पण अर्धीच. ‘फेनॅक’ एवढं वाचता येतं. त्याआधीचं ‘डायक्लो’ आणि मुदतीची तारीख उरलेल्या सहा गोळ्यांबरोबर दुकानातच राहिली. घरात हिचं नाव एकच: गुडघ्याची गोळी.

डायक्लोफेनॅक शेड्यूल एचमध्ये येतं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकायचं नाही. तरी काउंटरवर ‘गुडघ्याची द्या’ म्हटलं की मिळते. दोन दिवसांसाठी आणलेली गोळी मग दोन-दोन वर्षं चालू राहते.

गोळीला गुडघा कुठे आहे ते ठाऊक नसतं. ती रक्तात उतरते आणि रक्त जाईल तिथे जाते. दुखावलेल्या जागी शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार करतं. सूज आणि ठणका त्यांचाच. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, एसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन ही औषधं ती रसायनं बनवणारं एन्झाइम अडवतात. जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये ॲस्पिरिनचं काम असंच चालतं हे दाखवलं आणि १९८२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. अडचण अशी, की हीच रसायनं जठराच्या आतल्या बाजूला चिकट अस्तर टिकवतात आणि किडनीत रक्ताची वाट मोकळी ठेवतात. ठणका थांबतो, तेव्हा तिथलंही काम मंदावतं.

‘जेवून घेतली की पोटाला काही होत नाही’ हा समज घरोघरी आहे. जेवणाने जळजळ कमी होते, तेवढंच. अस्तराचं मोठं नुकसान रक्तातून होतं, म्हणून हेच औषध इंजेक्शनने घेतलं तरी अल्सर होऊ शकतो. सकाळी पोटातलं ॲसिड कमी करणारं पँटोप्राझोल घेतलं तर जठर बऱ्यापैकी वाचतं. पुढचं लहान आतडं नाही. किडनी तर नाहीच.

शिवाय अल्सर दरवेळी दुखतोच असं नाही. कित्येकदा पहिली खूण म्हणजे डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची संडास, किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी. लोहाच्या गोळ्यांनीही संडास काळी होते, पण डांबरासारखी चिकट नाही. अशी खूण दिसली तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा. कधी रक्त थेंब थेंब झिरपत राहतं, जिना चढताना धाप लागते आणि तपासणीत हिमोग्लोबिन घसरलेलं निघतं. वय ६५ च्या पुढे, आधी अल्सर झालेला, रक्त पातळ करणारी गोळी किंवा स्टेरॉइड चालू, अशांना हा धोका जास्त.

(दृश्य: तोच डबा. बीपीच्या गोळीचं पाकीट जवळून.)

आता या दुसऱ्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचू. टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम, हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ मिलिग्रॅम. एका गोळीत दोन औषधं, आणि बीपीसाठी ती योग्यच आहेत. किडनीची गाळणी रक्ताच्या दाबावर चालते. हायड्रोक्लोरोथायझाइड लघवीवाटे पाणी आणि मीठ काढतं. टेल्मिसार्टन गाळणीतून बाहेर जाणारी वाट सैल करतं. अशा वेळी आत येणारी वाट उघडी ठेवायचं काम प्रोस्टाग्लँडिनवर येतं, आणि पेनकिलर नेमकी तीच वाट आवळते. पाणी कमी, पुढची वाट सैल, मागची बंद. गाळणीतला दाब पडतो आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून टाकायचा रक्तातला कचरा, चढतं. त्यात मे महिन्याचं ऊन असेल, ऊसतोडीचा दिवस असेल किंवा जुलाब-उलट्या असतील, तर चांगली किडनीही काही दिवसांत ढासळू शकते.

सगळ्यात फसवी गोष्ट ही, की किडनी दुखत नाही. क्रिएटिनिन नॉर्मलच्या वर जाईपर्यंत जवळपास निम्मं काम गेलेलं असू शकतं. म्हणून रिपोर्टवर ईजीएफआरचा, म्हणजे किडनी किती गाळते त्याच्या अंदाजाचा, आकडाही बघायचा, आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिनही तपासून घ्यायचं. पेनकिलर बीपीही वाढवते. मग बीपीच्या गोळीचा डोस वाढतो, आणि गुडघ्याच्या गोळीबद्दल डॉक्टरांना कुणी सांगितलेलंच नसतं.

(दृश्य: कड्यावरचं गिधाड.)

या औषधाने किडनीवर काय होऊ शकतं, ते आपल्या आकाशात दिसलं. डायक्लोफेनॅक दिलेली जनावरं मेल्यावर गिधाडांनी खाल्ली, त्यांच्या किडन्या निकामी झाल्या आणि आतल्या अवयवांवर युरिक ॲसिडचे पांढरे थर साचले. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारात एक उरली. २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आली. माणसाची किडनी गिधाडाएवढी नाजूक नाही. पण औषध तेच आहे.

‘मग पॅरासिटामोल बरं.’ पोट आणि किडनीसाठी बरंच बरं, पण मोजून. मोठ्या माणसाला दिवसाला जास्तीत जास्त ४००० मिलिग्रॅम. वजन ५० किलोच्या खाली, रोजची दारू किंवा लिव्हरचा आजार असेल तर त्याहून कमी, किती ते डॉक्टर सांगतील. ६५० च्या चार गोळ्या म्हणजे २६००. सर्दीच्या गोळीत बहुधा ५०० असतं, ती तीनदा, म्हणजे १५००. झाले ४१००. त्यात अंगदुखीची दोन औषधांची जोडगोळी दोनदा, प्रत्येकीत पॅरासिटामोल ३२५. एकूण ४७५०. घेणारा मात्र म्हणतो, तीन वेगळ्या गोळ्या घेतल्या. आणि हा भार लिव्हरवर येतो.

डोकेदुखीचं तर उलटंच होतं. महिन्यात १५ किंवा जास्त दिवस साधी पेनकिलर, असे तीन महिने गेले, की गोळीच डोकं दुखवायला लागते. बंद केली की सुरुवातीला दुखणं वाढतं आणि हात पुन्हा पट्टीकडे जातो. ते दिवस डॉक्टरांच्या मदतीने काढावे लागतात.

हृदयासाठी ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन चालू असेल, तर ते स्वतःहून बंद करायचं नाही. आयब्युप्रोफेन मात्र त्याच्या आड येतं, तेव्हा घेण्याआधी विचारा. गरोदरपणात २० आठवड्यांनंतर डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या स्वतःच्या मनाने अजिबात नकोत.

गुडघ्यासाठी आधी जेल लावून बघा. त्यातलं फार थोडं औषध रक्तात जातं. खुर्चीत बसून पाय सरळ करा, पाच सेकंद धरा, सावकाश खाली ठेवा. दहा वेळा, दोन्ही पायांनी. गोळी लागलीच, तर लहानात लहान डोस, कमीत कमी दिवस. दहा दिवसांनीही लागत असेल, तर दुखण्याचं कारण शोधायला हवं.

(दृश्य: मेडिकलचं काउंटर. पट्टी, कात्री.)

कात्री लागण्याआधी पूर्ण पट्टीचा मोबाइलवर फोटो घ्या. घरी आल्यावर या तुकड्यावर पेनाने लिहा: डायक्लोफेनॅक ५०. आणि पुढच्या वेळी बीपीसाठी जाल, तेव्हा डबा तसाच पिशवीत टाकून डॉक्टरांच्या टेबलावर रिकामा करा.