भिंतीवरची डाइव्ह: बटण दाबा, थांबा, मग बघा

नमस्कार मंडळी. मागे पंख्याचा आवाज येतोय, माहितीये. एप्रिलात दादरमध्ये पंखा बंद करून व्हिडिओ शूट करण्याइतकी तपश्चर्या माझी नाही. चालवून घ्या.

गेल्या महिन्यात मी स्कूबा डायव्हिंगचं तीस सेकंदांचं एक रील टाकलं होतं. डाव्या हाताला प्रवाळाची उभी भिंत, मी तिच्या शेजारी तरंगतेय आणि पायाखाली नुसतं गडद निळं. खालच्या कमेंट्समध्ये निम्म्या लोकांचा एकच प्रश्न: ‘ताई, तळ कुठे आहे?’ अहो, तोच तर आजचा विषय. तळ नाहीये. म्हणजे आहे कुठेतरी, पण आपल्या उपयोगाचा नाही.

आधी बाकीचं पटापट उरकते, मग मुद्द्यावर येते.

पाठीवरच्या टाकीत ऑक्सिजन नसतो. नसतो, नसतो, नसतो! दर व्हिडिओखाली कुणीतरी ‘ऑक्सिजन सिलेंडर’ लिहितंच. साधी हवा असते, तुम्ही-मी आत्ता घेतोय तीच, फक्त गाळून, कोरडी करून, दाबून भरलेली. शुद्ध ऑक्सिजन घेऊन 20 मीटरवर गेलात तर फिट येऊ शकते, कारण त्या दाबाखाली तोच ऑक्सिजन विषारी ठरतो. पुढे. कान दर मीटरला मोकळे करायचे, दुखायला लागायच्या आधी. श्वास कधीही रोखायचा नाही. वर येताना सावकाश, आणि 5 मीटरवर 3 मिनिटं थांबायचं. डाइव्हनंतर लगेच विमान नाही. एकच डाइव्ह असेल तर किमान 12 तास, अनेक केल्या असतील तर किमान 18. हे मी मुंबईकरांसाठी मुद्दाम सांगतेय, कारण आपल्याकडे रविवारी सकाळी अंदमानात डाइव्ह आणि दुपारच्या विमानाने घरी, सोमवारी ऑफिस, असं नियोजन करणारे महाभाग आहेत. रजा एक दिवस वाढवा. बॉसला माझं नाव सांगा.

‘मुंबईत करता येईल का?’ प्रशिक्षण येईल, तरण तलावात. आपल्या समुद्रात स्वतःचा हात दिसला तरी नशीब, इतका गाळ. प्रवाळ मात्र आहे हं! हाजीअली-वरळीच्या खडकांवरची प्रवाळं कोस्टल रोडच्या कामासाठी तिथून हलवावी लागली होती. पण ती ओहोटीला खडकावर उभं राहून बघायची. त्यासाठी टाकी लागत नाही, चपला सांभाळाव्या लागतात.

आता भिंत. समुद्रातून ज्वालामुखीचं बेट वर येतं. त्याच्या कडेला उथळ पाण्यात प्रवाळ वाढतं. बेट हजारो-लाखो वर्षं हळूहळू खचत जातं आणि प्रवाळ उजेड सुटू नये म्हणून वर वर बांधत राहतं. डार्विनने 1842 साली हे मांडलं, आणि आपल्या लक्षद्वीपसारखी कंकणाकृती बेटं कशी होतात ते त्यातून उलगडतं. बेट खाली, प्रवाळ वर, आणि बाहेरच्या बाजूला कडा. सगळ्या भिंती अशाच होतात असं नाही, पण कडा म्हणजे काय ते डोळ्यासमोर आणायचं तर मलेशियाचं सिपादान बघा. किनाऱ्यावरून पोहत चार हात बाहेर गेलात की खाली जवळजवळ 600 मीटरचा उतार. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याच्या टोकावर उभं राहायचं, आणि मग टोकाच्या बाहेर उभं राहायचं. तसं.

आणि इथेच लोक गडबडतात. वाळूच्या तळावर चूक झाली तर काय होतं? गुडघे टेकतात, थोडी वाळू उडते, शेजारचा मासा नाराज होतो. विषय संपला. भिंतीवर गुडघे टेकायला काही नाही. तुम्ही बुडत असता आणि तुम्हाला कळतच नाही, कारण निळ्या पाण्यात वर-खाली सगळं सारखंच दिसतं.

आपण का बुडतो, ते बघा. पाण्याखाली 10 मीटरला दाब दुप्पट होतो, 20 ला तिप्पट, 30 ला चौपट. तुमच्या वेटसूटच्या रबरात बारीक बारीक बुडबुडे असतात, त्यांच्यामुळे तुम्ही तरंगता. दाब वाढला की ते चेपतात. अंगावरच्या जॅकेटमधली, म्हणजे बीसीडीतली, हवाही चेपते. म्हणजे खाली गेलात की तरंगणं कमी होतं, म्हणून आणखी खाली जाता, म्हणून आणखी कमी होतं. उधारीसारखं आहे हे.

मग जॅकेटमध्ये हवा भरायची. डाव्या हाताशी बटण असतं. आणि आता माझा आवडता, म्हणजे नावडता, मुद्दा. बटण एकदा, टिचकीएवढं दाबा. थांबा. मग बघा.

लोक थांबत नाहीत. शरीर खाली निघालेलं असतं, त्याला गती असते, ती मोडायला दोन-तीन सेकंद जातात. तेवढा धीर नसतो. आपण बिल्डिंगच्या लिफ्टचं बटण कसं दाबतो? एकदा दाबलं, दिवा लागला, तरी टक टक टक टक. लिफ्टला फरक पडत नाही. जॅकेटला पडतो! चार वेळा दाबलंत तर चार वेळा हवा गेली. आता तुम्ही वर निघता. वर निघालात की दाब कमी, तीच हवा फुगते, आणखी वर, आणखी फुगते. मघाची उधारी आता उलट्या बाजूने.

(इथे हातातला फुगा दाखवायचा. फुगा सापडला नाही तर राहू दे.)

माझंच सांगते. इंडोनेशियात, सुलावेसीच्या उत्तर टोकाला, मानादोसमोर बुनाकेन आहे. भिंतींसाठीच प्रसिद्ध. माझी तिथली तिसरी डाइव्ह. ठरलं होतं 25 मीटरच्या खाली जायचं नाही. 22 ला एका कपारीत कासव बसलेलं, हिरवं, दिवाणखान्यातल्या आजोबांसारखं निवांत. मी कॅमेरा काढला. कासव उठलं, भिंतीपासून सुटलं आणि तिरकं खाली निघालं. मीही. मला शपथेवर वाटत होतं की मी सरळ पोहतेय. गाईड वरून टाकी वाजवत होता, टिंग टिंग टिंग, आणि मला वाटलं त्यालाही कासव आवडलंय. मनगटावरचा खोली दाखवणारा कॉम्प्युटर ओरडायला लागला तेव्हा बघितलं, 34!

आणि मग मी काय केलं? लिफ्टचं बटण. टक टक टक. तीन सेकंद काहीच झालं नाही, म्हणून आणखी टक. मग एकदम निघाले. खांद्याची दोरी ओढून हवा सोडायचं सुचेपर्यंत 15 मीटरवर आले होते. श्वास रोखला नव्हता, एवढी एकच गोष्ट मी त्या दिवशी बरोबर केली. रोखला असता तर छातीतली हवाही जॅकेटसारखीच फुगली असती. गाईडने मला 5 मीटरवर तीन मिनिटांऐवजी भरपूर वेळ टांगून ठेवलं, आणि त्या वेळात माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ना, माझ्या आईने दहावीच्या निकालाला बघितलं होतं तसं. फोटोत कासवाची शेपटी आलीये. तीही धूसर.

खोली वाढली तर एवढं काय, असं विचारणाऱ्यांसाठी: पाडी (PADI) या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या तक्त्यात 18 मीटरला 56 मिनिटं थांबता येतं, 30 ला फक्त 20. हवा संपते ती वेगळीच. आणि 30 च्या आसपास नायट्रोजन डोक्यात चढायला लागतो, थोडी झिंग येते. म्हणजे जिथे अक्कल सगळ्यात जास्त हवी तिथेच ती कमी पडते.

आता तेच तिसऱ्यांदा, पण बटणाला हात न लावता. कारण खरं सुकाणू तुमची फुप्फुसं आहेत. एक लिटर हवा छातीत जास्त म्हणजे जवळपास एक किलोची उचल. नीट श्वास घेणाऱ्या माणसाला अर्धा-एक मीटर वर-खाली व्हायला बटण लागतच नाही. पण इथेही तोच उशीर आहे! श्वास आत घेतला की लगेच वर जात नाही. क्षणभर काही होत नाही, मग जातो. नवखा माणूस त्या क्षणभरात घाबरून आणखी मोठा श्वास घेतो. घरी कुणाकडे पेटी असेल तर चांगल्या वादकाचा भात्यावरचा हात बघा. तो भाता धसाधसा हलवत नाही, सूर तुटायच्या आधी हलकेच देतो. तसा श्वास.

सराव तलावात. मध्यावर आडवे तरंगा, समोरच्या एका टाइलवर नजर ठेवा आणि ती टाइल पाच मिनिटं डोळ्यांसमोरून हलू द्यायची नाही. हात बांधून. कंटाळवाणं आहे. मी दोन महिने केलं, शेजारी पाच वर्षांची मुलं फळी धरून मला ओलांडून जायची. भिंतीवर टाइलऐवजी एखादा समुद्रपंखा धरा. जाळीदार पंख्यासारखं प्रवाळ असतं ते, प्रवाहाला आडवं वाढतं म्हणजे येणारं अन्न जाळीत अडकतं. तो पंखा वर सरकतोय असं दिसलं की समजा, पंखा जागेवरच आहे, तुम्ही खाली चाललाय. भिंत एका खांद्याला ठेवा, निळ्यात फार वेळ टक लावून बघू नका, आणि दर चार-पाच श्वासांनी मनगट बघा. कासव असलं तरी.

आता शिशाचं. कमरेला वजनं बांधतात ती. मला पहिल्या कोर्सला एका ठिकाणी दहा किलो बांधली होती, कारण पर्यटक पटकन बुडला की पुढचा घेता येतो. मी बुडले, छान बुडले, आणि मग तरंगायला जॅकेट ढोलासारखं फुगवावं लागलं. जॅकेटमध्ये जेवढी जास्त हवा, तेवढी वर-खाली होताना ती जास्त फुगणार-चेपणार. म्हणजे बटणाची अर्धी भानगड खरं तर जास्तीच्या शिशाची असते. तपासायचं कसं? पृष्ठभागावर जॅकेट रिकामं करा, नेहमीसारखा श्वास घेऊन धरा, पाणी डोळ्यांच्या रेषेत यायला हवं. सोडलात की बुडायला हवं. श्वास धरायची परवानगी फक्त इथे, वरती. शेवटी टाकी रिकामी होत आली की तुम्ही हलके होता, कारण 11 लिटरच्या भरलेल्या टाकीतल्या हवेचंच वजन अडीच किलोच्या आसपास असतं. तेवढा हिशेब धरून ठेवा, त्यापलीकडे उगाच नको.

एका दादांची कमेंट: ‘एवढं कशाला, भिंतीलाच धरायचं ना.’ दादा, ती भिंत जिवंत आहे. कित्येक प्रवाळं वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. तुमच्या एका मुठीत कुणाची तरी वीस वर्षं जातील. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात प्रवाळ आहे, वाघाच्या पंक्तीत. आणि कायदा नको असेल तर स्वार्थ बघा. अग्निप्रवाळ नावाचा प्रकार नुसत्या स्पर्शाने जाळतो, कपारीत विषारी काट्यांचे मासे बसलेले असतात, आणि ते दगडासारखेच दिसतात. ज्याला तरंगता येतं त्याला धरावं लागत नाही, म्हणून तर मी मघापासून डोकं खातेय.

आणखी एक, हसू नका. पाण्यात अंगठा वर केला तर त्याचा अर्थ ‘मस्त’ नाही. ‘वर चला’ असा आहे. मस्तसाठी अंगठा आणि तर्जनीचा गोल करायचा. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनी मोरे ईल, म्हणजे सापासारखा लांब मासा, बघून आनंदाने दोन्ही अंगठे वर केले. गाईडने त्यांना हाताला धरून वर नेलं. काका बोटीवर बसून तासभर विचारत होते, ‘पण झालं काय?’

‘पोहता येत नाही, चालेल का?’ मालवण-तारकर्लीला गाईड धरून नेतो ती चव घेण्यापुरती डाइव्ह, तिथे चालतं. भिंतीवर नाही. भिंतीला आधी कोर्स, मग वीसेक डाइव्ह वाळूवर, मग भिंत. वीस हा माझा आकडा आहे, पुस्तकातला नाही. तुमचा प्रशिक्षक तीस म्हणाला तर त्याचं ऐका.

शेवटचा प्रश्न डोंबिवलीच्या एका काकांचा, आणि तो मला फार आवडला: ‘मिशी ठेवून मास्क बसतो का?’ बसतो काका. पाणी थोडं थोडं झिरपतं, नाकाने हवा सोडून ते काढत राहायचं. मिशी काढा असं मी कोणत्याही मराठी माणसाला सांगणार नाही. पण नाकाच्या लगेच खाली, मास्कची कड जिथे टेकते तिथे, एक बारीक पट्टी साफ करा. वर मिशी, मध्ये रस्ता, असं काही होत नाही. समोरून कुणाला कळतही नाही. काकूंना कळेल.