कतारगामची थडगी आणि सुरतेचा व्यापारी इतिहास

महाराष्ट्रात सुरतेचे नाव निघते ते शिवाजी महाराजांनी जानेवारी १६६४ मध्ये तेथे घातलेल्या छाप्यामुळे. त्या धामधुमीत इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीची वखार राखणारा तिचा अध्यक्ष सर जॉर्ज ऑक्झेंडन १६६९ मध्ये सुरतेतच वारला आणि कतारगामच्या वाटेवरील इंग्रज दफनभूमीत पुरला गेला. पुढे १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेकाला वकील म्हणून आलेला हेन्री ऑक्झेंडन याच घराण्यातला.

सर जॉर्जचे स्मारक दुमजली आहे, आणि त्याचे खांब, कमानी व घुमट पाहताना एखाद्या मोगल उमरावाच्या मकबऱ्यासमोर उभे असल्याचा भास होतो. परक्या बादशाहीत व्यापार करणाऱ्यांना आपला दर्जा तिथल्या लोकांना सहज उमजेल अशाच रूपात मिरवावा लागत होता, असे या बांधणीवरून आम्हांला वाटते. त्याच वास्तूत त्याचा भाऊ ख्रिस्तोफर विसावला आहे. तो १६५९ मध्ये गेला. त्याच्या लॅटिन मृत्युलेखाची भाषा निव्वळ जमाखर्चाची आहे: मृत्यूने अवचित हिशेब मागितल्यामुळे त्याला आपल्या वहीत वर्षे नव्हे, केवळ दिवस मांडता आले, आणि मालकांनी एक सेवक गमावला तरी मरण हाच त्याचा नफा ठरला. वखारीतल्या माणसांचे मन इतके उघडे करणारा मजकूर कंपनीच्या दप्तरातही क्वचितच सापडेल.

जवळच्या डच दफनभूमीत डच कंपनीचा अधिकारी हेंड्रिक व्हान रेडे याचे भव्य स्मारक आहे. सुरतेकडे येत असताना १६९१ मध्ये तो जहाजावरच वारला. मलबारच्या वनस्पतींवरील ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ त्याने सिद्ध करवून घेतला, आणि त्या कामी कोचीनच्या रंग भट, विनायक पंडित व अपू भट या कोंकणी वैद्यांनी दिलेले नागरी लिपीतील प्रमाणपत्र पहिल्याच खंडात छापलेले आहे. शेजारी आर्मेनियन व्यापारी आपल्या लिपीतील लेख कोरलेल्या साध्या, आडव्या शिळांखाली निजले आहेत. त्यांच्या पाठीशी तोफा बाळगणारी कंपनी नव्हती, हे त्या शिळाही सांगतात.

ऑक्झेंडननंतर अध्यक्ष झालेल्या जेराल्ड ऑंजियरने मुंबईची घडी बसवली, परंतु १६७७ मध्ये त्यालाही मरण आले ते सुरतेतच. कंपनीचे मुख्य ठाणे मुंबईला हलले ते त्यानंतर दहा वर्षांनी, १६८७ मध्ये.